आशा कार्यकर्त्या आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी कोलाजची बैठक: साहित्य, विषय, आणि चित्रांचं नंतर काय करायचं?

सुदामानगर_वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या वाचनकट्ट्यातर्फे श्रावणाच्या आधी एक बैठक घ्यायची आहे. जुनी मासिकं, वर्तमानपत्रं कापून-चिकटवून चित्र करायचं, आणि त्या निमित्ताने मनात साठलेलं थोडं मोकळं व्हावं, एवढाच हेतू. येणाऱ्या १२ जणी आहेत: ७ आशा कार्यकर्त्या, आणि ५ जणी घरी अंथरुणाला खिळलेलं किंवा स्मृतिभ्रंश झालेलं माणूस सांभाळणाऱ्या. वेळ फार तर दोन तास. चित्रकलेचं अंग कुणालाच नाही. दोघी-तिघींना लिहिण्या-वाचण्याचा सराव कमी आहे, आणि निम्म्या जणी मराठीपेक्षा हिंदीत जास्त मोकळ्या होतात.

साहित्य काय आणि किती आणावं? विषय काय द्यावा? कुणाला रडू आलं तर काय करायचं? आशांच्या पर्यवेक्षक ताईंनाही यायचं आहे, त्यांना बोलवावं का? आणि झालेली चित्रं गणेशोत्सवात मंडळाच्या भिंतीवर लावावीत असं काहींचं म्हणणं आहे. तुमचं काय मत?

कात्रीकागद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. चित्र कोण बघणार आहे हे पाहूनच माणूस चित्र करतं. गणेशोत्सवात लागणार म्हटलं की बाराही जणी फुलं, सूर्योदय आणि हसरी मुलं चिकटवतील, टाळ्या पडतील, आणि मनातलं मनातच राहील. म्हणून प्रदर्शन नको. बक्षीस नको, फोटो नको. कात्री हातात देण्याआधीच सांगून टाका: चित्र जिचं तिचं, ते दाखवायचं की नाही, घरी न्यायचं की इथेच फाडून टाकायचं, हे तिनेच ठरवायचं.

पर्यवेक्षक ताईंना या बैठकीला बोलवू नका. त्या कितीही चांगल्या असोत, ज्यांच्या सहीवर मानधन अवलंबून आहे त्यांच्यासमोर "मी थकले आहे" असं कुणी चिकटवणार नाही. त्यांच्यासाठी पुढे वेगळी बैठक ठेवा, त्यांनाही गरज असतेच.

आता साहित्य. १२ जणींसाठी:

आधाराला ए-३ मापाचा जाड कागद, २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम; आकडा मोठा तितका कागद जाड). स्टेशनरीवाल्याकडे आयव्हरी किंवा कार्डशीट म्हणून मिळतो. १८ ते २० आणा, कारण दोघी-तिघी पहिला कागद बाजूला सारतातच. थोडे कागद ए-४ मापातही ठेवा. मोठा कोरा कागद पाहून कुणी दबून जाते, तिला लहान चौकट सोपी वाटते. पांढऱ्याबरोबर खाकी आणि काळाही ठेवा. खजुरी बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं.

कात्र्या बोथट टोकाच्या ५ इंची, दोघींत एक. कमी ठेवल्या तरी चालतं, कारण हाताने फाडणंही यात हवंच असतं. चिकटवायला १५ ग्रॅमची गोंदाची कांडी, म्हणजे ग्लू स्टिक, दोघींत एक, आणि जाड तुकड्यांसाठी फेविकॉलच्या १०० ग्रॅमच्या दोन बाटल्या. फेविकॉल पसरायला जुन्या लग्नपत्रिकेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून ठेवा. ओली फडकी चार, कारण वर्तमानपत्राची शाई बोटांना लागते आणि पुढच्या तुकड्यावर उमटते.

चित्रांची रद्दी साधारण ५ ते ६ किलो, पण ती तशीच समोर ओतू नका. बाकी सगळ्या तयारीपेक्षा या निवडीला जास्त वेळ द्या. नुसती मासिकं समोर ठेवली की बायका वाचत बसतात आणि अर्धा तास तिथेच जातो. आदल्या दिवशी २५०-३०० तुकडे कापून चार-पाच ताटांत वेगवेगळे ठेवा: हात आणि पाय, दारं, खिडक्या, जिने, रस्ते, झाडं, पाणी, आभाळ, प्राणी, भांडी, चूल, पलंग, औषधं, घड्याळं, आणि एका ताटात नुसते रंगाचे, पोताचे कागद, ज्यांवर कसलंच चित्र नाही. हे शेवटचं ताट विसरू नका. जिला चित्रांतून काही सांगायचं नसतं ती या ताटाकडेच वळते. न कापलेली पाच-सहा मासिकं बाजूला असू द्या.

काय काढून टाकायचं तेही महत्त्वाचं. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत उठावन्याच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या शोकसभेच्या, जाहिराती फोटोसकट येतात. घरी शेवटच्या आजाराचं माणूस असलेल्या बाईच्या हाती रद्दी चाळताना ते पान आलं तर तिची बैठक तिथेच संपते. अपघात-गुन्ह्यांची पानं काढा. पुढाऱ्यांचे फोटो काढा, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते. देवांची चित्रं तर नक्कीच काढा: ती कापायला हात धजत नाही, खाली पडली तर अपराधी वाटतं, आणि नंतर टाकायची कुठे हा प्रश्न उरतो. लग्नपत्रिकांचा कागद सुंदर असतो, पण त्यावरचा गणपती आधी कापून वेगळा ठेवा. गोऱ्यापान, सडपातळ नट्यांचे चेहरे मी ताटात घालत नाही. त्यांच्या शेजारी आपला थकवा चिकटवावासा कुणाला वाटत नाही.

वेळ अशी वाटा: पहिली १५ मिनिटं ओळख आणि नियम, १० मिनिटं फक्त तुकडे निवडायला (चिकटवायचं नाही, हाताला जे लागेल ते उचलायचं, साधारण १२-१५ तुकडे), ४० मिनिटं मांडणी आणि चिकटवणं, मग हात धुवून चहा १० मिनिटं, त्यानंतर तिघी-तिघींच्या गटात बोलणं २० मिनिटं, सगळ्या मिळून १० आणि शेवटची १० आवरायला. मांडणी पूर्ण होईपर्यंत गोंद टेबलावर ठेवूच नका. तुकडे इकडून तिकडे सरकवताना, एकावर एक ठेवताना, एखादा अर्धा झाकताना खरं काम होतं. गोंद समोर असला की पहिला तुकडा लगेच कागदाच्या मधोमध चिकटतो आणि उरलेलं चित्र त्याच्याभोवती सजावट होऊन बसतं.

विषय थेट भावनेचा नको. "तुमचं दुःख दाखवा" म्हटलं की हात आखडतात. "या महिन्यात मी काय काय उचललं" हा विषय चांगला चालतो, कारण त्यात बादलीपासून काळजीपर्यंत सगळं बसतं. किंवा कागद मधोमध दुमडून एका बाजूला "माझ्या हातात असलेलं", दुसऱ्या बाजूला "माझ्या हातात नसलेलं". आशा ताईंना हा दुसरा विषय लगेच उमगतो.

ओपीडी_नंतर

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत आहे. एका बाबतीत मात्र नाही, आणि ती वर आलेलीच नाही: दोन गट एकत्र बसवू नका. आशा कार्यकर्ती आणि घरी रुग्ण सांभाळणारी बाई एकाच वस्तीतल्या असतील तर ही आशा तिच्या घरी जाणारी असू शकते. मग सासूबाईंवर हात उगारावासा वाटला हे ती बाई हिच्यासमोर कसं सांगणार? आणि वस्तीतल्या लोकांचा राग येतो हे आशा तिच्यासमोर कसं सांगणार? दोघींचे ताणही वेगळ्या जातीचे आहेत. आशाला कामागणिक पैसे, वरून आकड्यांचा तगादा, खालून लोकांचा राग, आणि एखादं बाळ किंवा बाळंतीण दगावली की "मी वेळेवर नेलं असतं तर". घरी सांभाळणारीला रात्रीची झोप नाही, बाहेर पडणं नाही, आणि जिवंत माणूस रोज थोडं थोडं हरवतं आहे याचं दुःख कुणी दुःख म्हणून मोजत नाही. वेगवेगळ्या दिवशी ७ आणि ५ असे दोन गट करा. सात जणींचा गट या कामाला उत्तम मापाचा आहे.

रडण्याबद्दल. रडू येणं म्हणजे काही बिघडलं असं नाही. लगेच पाठीवर हात, "रडू नका हो" किंवा पाण्याचा ग्लास पुढे करणं टाळा. त्याचा अर्थ "आता पुरे" असा पोचतो. शेजारी बसा, थांबा, मग हळू विचारा: "इथेच बसायचंय की जरा बाहेर जाऊ या?" बाहेर जायचं असेल तर सोबत दुसरी सूत्रधार, म्हणजे बैठक चालवणारी, जाईल. म्हणजे सूत्रधार दोघी हव्यातच. एकटीने ही बैठक घेऊ नका.

श्वास लागला, हातपाय गार पडले, नजर हरवली, तर कोलाज थांबवा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, हाताला लागेल ते थंड भांडं धरायला द्या. त्या वेळी "काय झालं होतं ते सांगा" असं विचारू नका. कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोललं तर कुजबुज न करता सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात भरवले जात नाहीत. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, हिंदीत आणि मराठीतही बोलता येतं. इंदूरला बाणगंगेचं शासकीय मानसिक रुग्णालय आणि एमवाय रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येकीला द्या, रडणारीला एकटीलाच नको.

एक गोष्ट कडकपणे पाळा. वस्तीत नुकताच एखादा मृत्यू घडला असेल तर त्या प्रसंगावर कोलाज करायला लावू नका. धक्क्यानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घ्यायला लावण्याचा फायदा होत नाही, काहींना उलट त्रास वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवते: सुरक्षितता, विसावा, लागेल ती व्यावहारिक मदत, आणि बोलायचं असेल तर ऐकायला माणूस.

चित्र बघताना अर्थ लावू नका. "काळा रंग वापरलात, म्हणजे उदास आहात का?" हे वाक्य अख्खी बैठक बिघडवू शकतं. काळा कागद हाताशी होता म्हणूनही वापरलेला असतो. विचारायचं ते असं: "यात आधी कुठला तुकडा ठेवलात?", "हा कोपरा मोकळा ठेवलाय, तिथे काही यायचं होतं का?", "याला नाव द्यायचं झालं तर काय द्याल?" आणि नाव नाही दिलं तरी चालेल.

परिणामाबद्दल कुणी विचारलं तर एवढं खात्रीने सांगता येतं: २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कोलाज, माती किंवा मार्कर असं हवं ते वापरून काम केलं, आणि सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि ती निरोगी माणसं होती. तेव्हा पत्रकावर "कला-उपचार" असं छापू नका. प्रशिक्षित उपचारक नसताना ते नाव देणं बरोबर नाही. "कोलाजची बैठक" पुरेसं आहे.

सुदामानगर_वाचनकट्टा

खूप आभार. दोन दिवस करता येतील. पर्यवेक्षक ताईंना समजावून सांगते. आणखी दोन शंका: पावसात गोंद वाळत नाही, कागद फुगतो, त्याला काय करावं? आणि विस्मरणाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या दोघींना घर सोडून दोन तास येणं जमणारच नाही असं दिसतंय.

पुठ्ठा_आणि_खळ

पावसाळ्याचं मी सांगतो. वर्तमानपत्राचा कागद पातळ, साधारण ४५ जीएसएमच्या आसपासचा. त्यावर पातळ फेविकॉल फासला की तंतू पाणी पिऊन फुगतात, कागद ओला असताना पसरतो, त्याच पसरलेल्या मापात चिकटतो आणि सुरकुत्या पडतात. वाळताना तो आकसतो आणि खालचा जाड कागदही स्वतःकडे ओढतो, म्हणून चित्र पन्हाळीसारखं वाकतं. उपाय सोपे आहेत. वर्तमानपत्राला फक्त कांडीचा गोंद. मासिकाच्या गुळगुळीत कागदाला फेविकॉल चालेल, पण पाणी न घालता, पट्टीने ओढून अगदी पातळ, आणि तुकड्याच्या पाठीला, आधाराच्या कागदाला नाही. कडेपर्यंत गोंद पोचला पाहिजे, नाहीतर दमट हवेत कडा उचलतात. झालेल्या चित्रावर कोरा कागद ठेवून वर दोन जाड पुस्तकं, रात्रभर. तरी वाकलं तर पाठीमागे तेवढ्याच मापाचा कागद चिकटवा, दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते.

छताचा पंखा हा दुसरा शत्रू. मांडणी गोंदाशिवाय करायची म्हटल्यावर वाऱ्याने सगळं उडतं, आणि जुळवून ठेवलेलं चित्र विस्कटलं की बाई हिरमुसते. पंखा एकवर ठेवा, प्रत्येकीला चार-पाच लहान खडे द्या. खोली मात्र बंद करू नका, उकाड्यात कुणाचं मन लागत नाही.

फाडण्याबद्दल एक बारीक गोष्ट. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, कारण कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात. मासिकाचं पान स्वतःकडे ओढून फाडलं की कडेला पांढरी किनार दिसते, उलट दिशेने फाडलं तर लपते. हे सुरुवातीला दोन मिनिटं करून दाखवा. "मला येत नाही" म्हणणाऱ्या बायका याने सैलावतात, कारण फाडण्यात चुकायला काही नसतं.

घरची खळ करायची असेल तर दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, एक कप पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. स्वस्त पडते आणि हाताला बरी लागते. पण पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते आणि चित्रावर बुरशी धरते, म्हणून त्याच दिवशी वापरून संपवा. टिकायला काही जण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, या कामात नको.

दुसऱ्या बैठकीसाठी एक सुचवतो: मिठाईचा एक किलोचा रिकामा खोका. बाहेरच्या बाजूला "लोकांना माझं काय दिसतं", आतल्या बाजूला "मला काय माहीत आहे". झाकण लावता येतं, याचा फार उपयोग होतो. दाखवायचं तर बाहेरची बाजू दाखवायची, आतलं आपलं. खोका मात्र कोरा हवा. तुपाचा किंवा शेवेच्या तेलाचा डाग असलेल्या पुठ्ठ्यावर गोंद धरत नाही, दोन दिवसांत तुकडे गळतात. डाग असेल तर आधी तिथे पांढरा कागद कांडीने नाही, फेविकॉलने चिकटवून वाळू द्या. मेणाचा हात दिलेले चकचकीत खोके घेऊच नका.

कात्रीकागद

घराबाहेर पडता न येणाऱ्या दोघींसाठी संच घरी पोचवा. एक चेन असलेली प्लॅस्टिकची फाइल, त्यात पोस्टकार्डाच्या मापाची १० कार्डं, एक कांडी, लहान कात्री, आणि पाकिटात शंभरेक निवडलेले तुकडे. रुग्ण दुपारी झोपतो तेवढ्या १५ मिनिटांत एक कार्ड, त्यात तीनच तुकडे. मधेच उठावं लागलं तर न चिकटवलेले तुकडे कार्डासह फाइलमध्ये सरकवायचे आणि चेन ओढायची. अर्धवट राहिलेलं कार्ड तसंच राहिलं तरी ते पूर्णच समजा. विस्मरणाच्या रुग्णाच्या घरी कात्री आणि गोंद वापरून झाल्यावर वर उचलून ठेवायला सांगा, गोंद तोंडात जाऊ शकतो. आणि घरातले जुने फोटो यात कापायला देऊ नका. नंतर पश्चात्ताप होतो, आणि त्या रुग्णाला ओळख पटवायला तेच फोटो लागतात. हवा असेल तर झेरॉक्स काढून ती कापा.

रुग्णाला सोबत घ्यायचं का, असा प्रश्न येईल. हरकत नाही, पण ते वेगळ्या वेळी. तिची १५ मिनिटं तिचीच राहू द्या, नाहीतर सेवेतच आणखी एक काम वाढतं.

वाचता न येणाऱ्यांसाठी ताटात मोठे छापील शब्द ठेवूच नका, किंवा सगळ्यांसाठीच काढून टाका. एकीने शब्द वापरले की दुसरीला आपलं कमी वाटतं. नाव सांगायचं असेल तर ती तोंडी सांगेल, सूत्रधार मागे पेन्सिलीने लिहील, ती ज्या भाषेत बोलली त्याच भाषेत. हिंदी-मराठीची, मालवीची सरमिसळ झाली तरी तशीच लिहा, सुधारू नका.

ओपीडी_नंतर

चित्रांच्या विल्हेवाटीचं नीट ठरवून ठेवा, तिथे निष्काळजीपणा होतो. कोलाजमध्ये रुग्णाचं नाव, केसपेपर, औषधाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या नाहीत हे आशांना सुरुवातीलाच सांगा. ज्यांना घरी न्यायचं नाही त्यांच्यासाठी मोठी खाकी पाकिटं ठेवा: चित्र आत, पाकीट बंद, वर नावाऐवजी तिने निवडलेली खूण. पाकीट एक महिना तुमच्या कपाटात, तोवर तिने येऊन न्यावं किंवा फाडायला सांगावं. फाडायचं झालं तर तिच्यासमोर, आणि बारीक. आपल्याकडे सुका कचरा वेगळा करून गाडीत द्यायचा असतो, तो देताना पिशवी शेजाऱ्यांच्या समोर उघडते. अख्खं चित्र तिथे दिसता कामा नये.

आशांच्या गटाची वेळ लसीकरणाच्या दिवशी आणि महिनाअखेरीस नको, तेव्हा अहवाल भरायचे असतात. येण्या-जाण्याचं रिक्षाभाडं हातात द्या. कामागणिक पैसे मिळणाऱ्या बाईचे दोन तास फुकट मागू नयेत.

सुदामानगर_वाचनकट्टा

ठरलं. ७ आणि ५ वेगळे, प्रदर्शन रद्द, पर्यवेक्षक ताई नाहीत, दोघींना घरपोच संच. शेवटचं विचारते: बैठकीनंतर आम्ही पुढे काही करायचं की तिथेच थांबायचं?

ओपीडी_नंतर

दोन-तीन दिवसांनी प्रत्येकीला एक फोन करा, त्याच सूत्रधार ताईने. चित्राबद्दल विचारू नका. झोप कशी लागली, जेवण होतंय ना, बैठकीनंतर काही जड वाटलं का, एवढंच. जड वाटलं म्हणाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तसंच असेल, तर १४४१६ वर तिच्यासोबत बसून फोन लावा. नंबर देऊन मोकळं होऊ नका. पुढची बैठक महिन्याभराने ठेवा आणि तारीख पहिल्याच बैठकीत सांगा. एकच बैठक घेऊन थांबायचं असेल तर तेही आधी सांगा, म्हणजे कुणी आत किती खोल जायचं ते स्वतः ठरवू शकेल.

पुठ्ठा_आणि_खळ

आणि कात्र्या आदल्या दिवशी कापून बघा. नव्या स्वस्त कात्र्यांची पाती सैल असतात, वर्तमानपत्र कापताना ते पात्यांच्या मध्ये दुमडून अडकतं. स्क्रू पाव फेरा आवळला की ठीक होतं. डावखुरी कुणी असेल तर तिच्यासाठी वेगळी आणा.